वन्संची चोळीबांगडी

सरकार शेतकऱ्याला वर्षातनं तीनदा पैसे देतं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. ते का देतं, कुठनं देतं आणि नेमकं कुणाला देतं, हे मात्र एकालाही धड सांगता आलं नसतं. मालक म्हणायचे, "मतं पायजेत त्यास्नी, म्हणून देत्यात." पुण्याला नोकरीवर असलेला माझा मुलगा फोनवर म्हणायचा, खताचे भाव वाढवले त्याची ही भरपाई आहे. मी म्हणायचे, देतायत तर गप घ्या, चौकशा कशाला. वन्संना काय वाटतं, ते विचारायचं कुणाला सुचलंच नाही. पुढचं सगळं रामायण त्यातनंच घडलं.

वन्सं म्हणजे माझ्या मालकांची थोरली बहीण. नवऱ्यानं दुसरी केली तेव्हा लेक काखेला मारून माहेरी आल्या त्या कायमच्याच. माझे सासरे कडक माणूस. त्यांनी कागदबिगद काही केला नाही. बांधावर उभं राहून भावकीदेखत सांगितलं, "ओढ्याकडचा पट्टा माझ्या लेकीच्या चोळीबांगडीला." आमच्याकडं ही रीतच आहे. परत आलेल्या लेकीला जमिनीचा एक तुकडा द्यायचा, तिनं कसायचा, पीक तिनं खायचं, सातबारा मात्र भावाच्याच नावावर. कोर्टात हे टिकणार नाही आणि गावात कुणी मोडणार नाही.

तो पट्टा वन्संनी जो धरला तो धरलाच. आमचा सगळा ऊस. चहूबाजूंनी डोक्याच्या वर ऊस आणि मधी वन्संच्या शेंगा, शेंगा निघाल्या की हरभरा, बांधाला पावटा. "ऊस लावा की वन्सं, तोडकरी येतील, कारखाना नेईल, तुम्हाला हात हलवाय नको," असं मी म्हटलं की त्या म्हणायच्या, "आनि वरीसभर काय करू? तुझं त्वांड बघत बसू?" तोंडानं फटकळ, पण घरामागं परड्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांतनं पावट्याची आमटी पहिली माझ्या चुलीपर्यंत यायची, मग त्यांच्या ताटात पडायची.

सरकारची योजना आली तेव्हा सातबारा, आधार आणि पासबुक मागितलं. सातबारा मालकांचा, आधार मालकांचं. पासबुकाची वेळ आली तेव्हा हे म्हणाले, "आक्काचं देऊया. तिच्या चोळीबांगडीला हुतील." वन्संचं खातं जोडखातं होतं. अंगठा करणाऱ्या बाईला एकटीला खातं नको, भाऊ पहिला आणि बहीण दुसरी असं तेव्हा बँकेतच कुणीतरी सुचवलं होतं. त्यामुळं ते खपून गेलं. सगळ्या जमिनीचे पैसे एकट्या बहिणीच्या बुकात! मला तर यांचं लई कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हटलं, असा भाऊ दाखवा तालुक्यात.

हे परड्यात जाऊन वन्संना म्हणाले, "आक्का, चोळीबांगडीचा आता घोर न्हाई. बुकात पडत जाईल." वन्संनी पदर डोळ्याला लावला. आणि त्या सालापासनं आमच्याकडनं त्यांना जायचं ते दिवाळीचं लुगडं बंद झालं. ठरवून कुणी केलं नाही. मीच एकदोनदा आठवण केली, तर हे म्हणाले, "बुकात पडतंय की आता." मलाही ते पटलं. पैसे तर लुगड्याहून जास्तच होते.

भाऊबीजेला मग एक गंमतच होऊन बसली. वन्सं ओवाळायच्या, हे ताटात अकरा रुपये टाकायचे आणि म्हणायचे, "बाकीचं बुकात बघ जा!" दरसाल हाच विनोद, आणि दरसाल वन्संपण हसायच्या.

गेल्या दिवाळीला मात्र त्या हसल्या नाहीत. ताट उचललं आणि निघून गेल्या. मी म्हटलं, कढईत काही टाकून आल्या असतील. दिवाळी सरली, गावाचा हरभरा पेरून झाला, उगवून वर आला, आणि वन्संचा पट्टा उघडा तो उघडाच. येणाजाणारा मला विचारायला लागला, "काय हो, आक्काची तब्येत बरी न्हाई का?" तब्येत ठणठणीत होती. दारात बसून त्या पत्र्याची पेटी पुसत होत्या.

"कुठं निघालाय वन्सं?"

"इचलकरंजीला. लेकीकडं."

"कवा येणार?"

"आता तिथंच."

मला काही उमजेना. लेक आहे, नाही कोण म्हणतंय? पण जावई यंत्रमागाच्या शेडमधे कामाला, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. एका खोलीत चार माणसं. त्यात ह्या जाऊन कुठं बसणार, आणि करणार काय? ज्या बाईला पट्ट्यात एक दिवस पाय टाकला नाही तर जेवण जात नाही, ती तिथं मागाची खडखड ऐकत बसणार? मी विचारलं, माझं काही चुकलं का? "न्हाई गं." लेकीनं बोलावलंय का? "ती सदाचीच बोलावती." मग झालं काय? "तुझ्या मालकास्नी इचार."

मालकांना विचारलं, तर हे माझ्याकडं असे बघायला लागले की मीच खुळी. "मला काय ठावं? तुमचं बायकांचं काय तरी झालं असंल."

असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी सरळ परड्यात गेले, वन्संच्या समोर फतकल मारून बसले आणि म्हटलं, आज सांगितल्याबिगर मी उठत नाही, संध्याकाळच्या धारा तुमच्या भावाला काढू देत. तेव्हा कुठं त्यांच्या तोंडातनं निघालं. "वरीस झालं गं, बुकात एक पैसा न्हाई. भावानं हात आखडला. आखडू दे, त्याचा बी खर्च हाय, मी काय इचाराय गेले न्हाई. पर भाऊबीजेला माझ्या तोंडावर हसाय नगं हुतं त्यानं. रिकामं बूक हाय म्हाईत असून म्हणतोय, बुकात बघ."

मी तशीच उठले आणि गोठ्यात जाऊन यांना गाठलं. "वन्संचं पैसं कुठं हायत?"

"कसलं पैसं?"

"सरकारचं!"

"बुकात पडत असतील की."

"वरीस झालं पडल्यालं न्हाईत!"

हे म्हणाले, "मग सरकारनं बंद केलं असतील." झालं. एवढ्यावर विषय संपला त्यांच्या लेखी. हे बापे माणूस, म्हशीनं एक वेळ दूध चोरलं तर डॉक्टर आणतील, आणि बहीण पेटी बांधून बसली तर म्हणतात बंद केलं असतील.

दुसऱ्या दिवशी मीच यांना घेऊन गावातल्या सेवा केंद्रात गेले. ते चालवणारी बाई आमच्याच गल्लीतली. तिनं यांचा नंबर घातला, पडद्याकडं बघितलं आणि म्हणाली, "येत्यात की. सगळं हप्तं गेलेत."

"कुणाला?"

"काकास्नी."

मी यांच्याकडं बघितलं. हे पडद्याकडं बघत होते. "मला?" म्हणाले. "मला कुठं आलं?"

"आलेत काका. हितं दिसतंय की, जमा."

आता काय सांगू? परतीच्या वाटेला मी तरातरा पुढं निघाले. डोक्यात नको नको ते यायला लागलं. बाजारच्या दिवशी उशिरा येत होते ते कुठं बसत होते? गावात पत्त्यांचा अड्डा आहे हे मला माहीत आहे. एवढा संसार केला, आणि बहिणीच्या चोळीबांगडीवर हात टाकणारा माणूस आपल्या पदरात? आणि हे पण तोंड फुगवून चालले होते, कारण मला असं वाटतंय हे त्यांना कळलं होतं. घराजवळ आल्यावर फाटकन म्हणाले, "म्या खाल्लं न्हाई. तुला खरं वाटत नसलं तर आईची शपथ." सासूबाईंची शपथ हे सहसा घेत नाहीत. मग मला आणखीनच कळेना. पैसे गेले, पैसे पोचले, आणि पोचलेल्या माणसाला माहीत नाही. भुतानं नेले काय?

उलगडा तालुक्याच्या बँकेत झाला. आमचं दुधाचं बिल आधी दूध संस्थेतनं रोख मिळायचं. मग वर्षामागं संस्थेनं सांगितलं, खातं काढा, बिल खात्यावर. यांनी खातं काढलं, आधार दिलं, तिथल्यानं दाखवलं तिथं सह्या केल्या. खिडकीतल्या बाईनं समजावून सांगितलं ते मला कळलं तेवढं असं: सरकार आता पासबुक बघतच नाही. आधार बघतं. आधार शेवटी ज्या खात्याला जोडलं, पैसे तिथं जातात. म्हणजे वन्संचे पैसे यांच्या दुधाच्या खात्यात पडत होते, दर दहा दिवसांच्या बिलात मिसळून जात होते, आणि हे ते काढून पेंड आणत होते.

"म्हंजे म्हशीनं खाल्लं," हे म्हणाले. बाई हसली. यांचा जीव मात्र भांड्यात पडला होता. बँकेच्या पायरीवर उभं राहून मला म्हणाले, "बघ! चोर ठरवायला निघालतीस."

मी म्हटलं, आता हे कायमचं निस्तरा. पट्टा वन्संच्या नावावर करून टाका, म्हणजे त्यांचे पैसे त्यांना येतील, तुमच्या म्हशीचा संबंध नको. हे लगेच तयार झाले. खरंच झाले, आढेवेढे घेतले नाहीत. तसंच चावडीत तलाठ्याकडं गेलो. तलाठी चांगला माणूस, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नावावर करा की. पण ह्या योजनेचा पैसा त्यांना मिळणार नाही. ठरलेल्या तारखेनंतर जमीन नावावर आली तर चालत नाही. फक्त वारसानं आली तरच."

"वारसानं म्हंजे?"

"म्हणजे मालक मयत झाला तर."

हे टोपी काढून डोकं खाजवायला लागले. "म्हंजे बहिणीला पैसं मिळायला म्या मरायला पायजे?"

"तसं नाही पावणं," तलाठी म्हणाला. "तुम्ही मेलात तरी वारस तुमची बायको आणि मुलगा. बहीण कुठं येते त्यात?"

मला हसावं का रडावं समजेना. मेल्यावरसुद्धा मिळत नाहीत म्हणजे सरकारनं मरणाचा पण उपयोग ठेवला नाही. ज्या बाईनं तो पट्टा कसला तिचं नाव कुठंच बसत नाही, आणि ज्या माणसाला त्या पट्ट्यात हरभरा पेरलाय का नाही माहीत नसतं तो शेतकरी.

शेवटी यांनी साधा मार्ग काढला. दुधाच्या खात्यातनं तेवढे पैसे काढले, गुलाबी पाकिटात घातले आणि संध्याकाळी परड्यात गेलो. वन्संच्या दाराशी पेटी उभी होती. लेकीला फोन झाला होता, सकाळच्या एसटीनं निघायचं होतं. हे एवढ्या उत्साहात होते की बसलेसुद्धा नाहीत.

"आक्का, ह्ये घे. वरसाचं सगळं हाय. म्या खाल्लं नव्हतं. माझ्या दुधाच्या खात्यात पडत हुतं, मला बी ठावं न्हाई. सरकारची चूक!"

वन्संनी पाकीट घेतलं नाही. "सरकारचा काय संबंध?"

"सरकारच देतंय की ह्ये."

"सरकार तुला देतंय. म्हाईत हाय मला, मी काय खुळी न्हाई. मला तू देतोस."

"न्हाई न्हाई," हे म्हणाले. स्वतःला निर्दोष करायच्या नादात होते ना! "माझ्याकडं येतच नव्हतं. पयल्यापास्नं सरकार थेट तुझ्याच बुकात टाकत हुतं. माझा हात बी लागत नव्हता."

वन्सं हळूच खाली बसल्या. "पयल्यापास्नं?"

"पयल्या हप्त्यापास्नं!"

"तुझा हात लागत नव्हता?"

"कवाच न्हाई."

आता मी यांच्या तोंडावर हात ठेवायला पाहिजे होता. पण मला तरी कुठं कळलं होतं? वन्संचा चेहरा बघितला आणि मग कळलं. इतकी वर्षं त्या गावभर सांगत होत्या, माझा भाऊ वरसातनं तीन डाव चोळीबांगडीचं पैसं घालतो. पाणवठ्यावर, लग्नात, लेकीच्या सासरी. आणि आता भाऊ स्वतःच येऊन शपथेवर सांगत होता की आपण एकदाही काही दिलं नाही.

"मग तू काय दिलंस रं?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "अकरा रुपये?"

हे माझ्याकडं बघायला लागले.

"खाल्लं असतंस तर बरं झालं असतं," वन्सं म्हणाल्या. "भावानं खाल्लं म्हणून भांडले असते. दोन शिव्या दिल्या असत्या, मोकळी झाले असते. आता कुणासंगं भांडू? दिल्लीवाल्यासंगं?" आणि मग त्या रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना कुणाच्या मयतीला सोडून असं हमसून रडताना बघितलं नव्हतं. मलापण आवरलं नाही. हे पाकीट हातात धरून तसेच उभे.

बऱ्याच वेळानं वन्संनी नाक पुसलं आणि म्हणाल्या, "तुझ्या खात्यात पडलं म्हणालास न्हवं ह्ये?"

"व्हय."

"म्हंजे ह्या डावाला तरी तुझ्या हाताला लागलं."

"लागलं की."

"मग ह्ये तुझं झालं. ठेव खिशात."

यांनी खिशात ठेवलं. मग, काही कळलंय अशा थाटात, लगेच बाहेर काढून पुढं केलं. "घे, देतो."

"आसं न्हाई!" वन्सं ओरडल्या, त्यांच्या नेहमीच्या आवाजात. "माझं मलाच परत करतोस व्हय? ह्ये माझं हाय, ह्ये आधी इसर. मग तुझ्या मनात येईल तवा दे. तवर मी थांबती. घिऊन मगच जाईन लेकीकडं."

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी गेली आणि वन्सं गेल्या नाहीत. उशीर झाला होता तरी पट्ट्यात हरभरा टोकला. गावाचा हरभरा घाट्याला आला तेव्हा वन्संचा फुलत होता. लेकीचा फोन आला की म्हणतात, "भावाचं एक काम ऱ्हायलंय माझ्याकडं, त्ये झालं की आलेच."

आणि हे? पाकीट अजून खिशातच. सदरा धुवायला टाकताना मी ते काढून ठेवते, आंघोळ करून आले की हे नव्या सदऱ्यात घालतात. महिना गेला, दुसरा गेला. संक्रांत आली, मला वाटलं आज देतील. नाही. वन्संचा वाढदिवस आमच्याकडं कुणाला माहीत नाही, नाहीतर तो पण निघून गेला असता. मी चिडले. मनात येईना म्हणजे काय? दगड आहे का काय काळजाच्या जागी? एवढं सगळं होऊन माणसाला अक्कल येऊ नये?

परवा वैरण कापताना मी विळा खाली टाकला आणि तोंडावर विचारलंच. "बहिणीला चार पैसं द्यायचं तुमच्या मनात येत न्हाई का हो?"

हे खाली बघून म्हणाले, "रोज येतंय."

"मग देत का न्हाईसा?"

"दिलं की जाईल की गं ती."

हे मी वन्संना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर त्यांना भावाकडनं हवं ते पैशाबिगरच मिळेल, आणि मग त्या जातील का राहतील, हे मला काही केल्या सांगता येत नाही.